सातआसनी गाडी घेताना : चाचणी फेरी रिकाम्या गाडीत नको

पुणे, प्रतिनिधी

घरात दुसरे अपत्य आले, की पाच आसनांची मोटार एकाएकी अपुरी भासू लागते. आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा अशा सहाजणांना एकत्र गावी जायचे तर हॅचबॅक कामाची नाही, आणि इनोव्हासारखी मोठी गाडी अंदाजपत्रकात बसत नाही. अशा वेळी शहरी मध्यमवर्गाची नजर छोट्या सातआसनी गाड्यांकडे वळते. शोरूममध्ये माहितीपत्रक हाती पडते, विक्री प्रतिनिधी शेजारी बसतो, जवळच्या रुंद रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटांची फेरी होते आणि नोंदणीची रक्कम भरली जाते. पुढील पाच-सात वर्षे ज्या गाडीचे हप्ते फेडायचे, तिची खरी परीक्षा मात्र या फेरीत होतच नाही. कारण सहाजणांसाठी घ्यायची गाडी दोघांनीच आणि तीही रिकामी चालवून पाहिलेली असते.

चार मीटरचे गणित

भारतात अशा गाड्यांची परंपरा जुनी आहे. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ओम्नी, कित्येक कुटुंबांच्या स्मरणात आहे. त्यानंतर २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा, २०१९ मध्ये रेनोची ट्रायबर आणि २०२२ मध्ये कियाची कॅरेन्स बाजारात उतरल्याने हा पर्याय तरुण कुटुंबांच्या आवाक्यात आला.

या गाड्यांची लांबी करआकारणीशी निगडित आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंत क्षमतेच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तीच मर्यादा पुढे वस्तू व सेवा करातही राहिली. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनंतर या मर्यादेत बसणाऱ्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर लागतो. चार मीटरच्या आत बसणारी आणि ९९९ सीसी इंजिनाची ट्रायबर पहिल्या गटात मोडते. चार मीटरहून लांब असलेली अर्टिगा आणि ४५४० मिलिमीटरची कॅरेन्स दुसऱ्या.

कमी लांबीची किंमत डिकीला मोजावी लागते. तिन्ही रांगा वापरात असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर, अर्टिगाच्या २०९ लिटर आणि कॅरेन्सच्या २१६ लिटर जागा उरते. विमानाच्या केबिनमध्ये नेता येणाऱ्या ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरच्या बॅगेचे आकारमान सुमारे ४८ लिटर असते. हे ध्यानात घेतले, तर ८४ लिटरमध्ये अशा दोन बॅगाही धड मावणार नाहीत. याउलट तिसरी रांग काढून ठेवली, की ट्रायबरमध्येच ६२५ लिटर जागा मिळते. म्हणूनच माहितीपत्रकातील आकडा कोणत्या स्थितीतील आहे, हे आधी विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे घरच्या बॅगा आणि बाबागाडी सोबत नेऊन तिसरी रांग उभी असताना डिकीचे दार बंद होते का, हे प्रत्यक्ष पाहावे. सोसायटीतील पार्किंगची जागाही टेपने मोजून घ्यावी. वरील गाड्यांच्या लांबीत अर्ध्या मीटरहून अधिक फरक आहे.

बालआसन बसवून पाहा

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्टने अथवा बालआसनाने सुरक्षित बांधणे बंधनकारक आहे. त्याचा भंग केल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मागे बसणाऱ्यांनाही पट्ट्याची तितकीच गरज असते, हे सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा देशाला प्रकर्षाने जाणवले. मागील आसनावर बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले होते. आईच्या मांडीवर बसलेले मूल सुरक्षित आहे, हा समजही तितकाच घातक आहे. धडकेच्या क्षणी मुलाला हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नसते.

बालआसन पक्के बसवण्यासाठी आयसोफिक्स नावाचे लोखंडी खुंट दिलेले असतात. ते सहसा मधल्या रांगेतील दोन्ही कडेच्या आसनांना असतात. सातआसनी गाडीतील खरी अडचण इथेच उद्भवते. तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी मधले आसन पुढे दुमडावे लागते आणि त्यावर बालआसन बसवलेले असेल, तर ते दुमडता येत नाही. दोन्ही बाजूंना बालआसने असल्यास मागची वाट जवळजवळ बंद होते. एकच बालआसन असल्यास ते उजवीकडे ठेवून पदपथाकडची डावी बाजू मोकळी ठेवता येते; मात्र मग मुलाला बांधताना पालकाला वाहत्या रस्त्याच्या बाजूला उभे राहावे लागते. यातील कोणती तडजोड आपल्याला जमेल, हे शोरूमच्या आवारातच ठरवणे शहाणपणाचे. त्यासाठी घरचे बालआसन सोबत न्यावे. मागे तोंड करून बसवायचे बालआसन पुढील आसनावर चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

तिसऱ्या रांगेत कोण?

मधली रांग मुलांनी व्यापली, की तिसरी रांग बहुधा आजी-आजोबांच्या वाट्याला येते. छोट्या गाड्यांत या रांगेची बैठक जमिनीलगत असल्याने गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. गुडघेदुखीच्या व्यक्तीला आत शिरण्याहून बाहेर पडणे अधिक जड जाते. त्यामुळे जे या रांगेत बसणार, त्यांनाच फेरीला न्यावे आणि किमान वीस मिनिटे तिथे बसू द्यावे. मागे वातानुकूलनाचा झोत पोचतो का, हे सकाळच्या गारव्यात कळणार नाही. त्यासाठी फेरी दुपारची हवी. पट्टा व डोक्यामागील आधार उंचीनुसार नीट बसतात का, हेही तेव्हाच तपासावे.

भरलेली गाडी, चढाचा रस्ता

चार प्रौढ, दोन लहान मुले आणि सामान यांचे एकत्रित वजन साडेतीनशे किलोच्या घरात जाते. सपाट रस्त्यावर एकटा चालक असताना चपळ भासणारी गाडी या भाराने घाटात दम टाकू शकते. ट्रायबरचे एक लिटर इंजिन ७२ अश्वशक्तीचे आहे, तर अर्टिगाचे दीड लिटर इंजिन सुमारे शंभर. शहरातील शाळा-बाजाराच्या फेऱ्यांना पहिले पुरेसे ठरते. दर महिन्याला घाट ओलांडून गावी जाणाऱ्यांनी मात्र हा फरक अनुभवूनच निर्णय घ्यावा. पुणेकरांना कात्रज वा बोपदेव घाट जवळच आहे. चढावर थांबून पुन्हा गाडी सोडणे, एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरवर चढणे, उतारावर ब्रेकचा अंदाज घेणे आणि गतिरोधकावर तळ घासतो का हे पाहणे, एवढे तरी करावे. भरलेल्या गाडीसाठी टायरमधील हवेचा दाब वेगळा असतो. तो चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर दिलेला असतो.

सीएनजीवर इंधनखर्चात बचत होते हे खरे. पण अर्टिगात त्याची टाकी तिसऱ्या रांगेमागे बसते आणि डिकीची बहुतांश जागा व्यापते. बचतीच्या हिशेबात सामान कुठे ठेवणार, हा प्रश्नही मांडायला हवा.

ताऱ्यांचे वाचन

१ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक चाचणीची देशी व्यवस्था सुरू झाली. तीत प्रौढांच्या आणि मुलांच्या सुरक्षेला स्वतंत्र तारे दिले जातात. तान्ह्या मुलांच्या पालकांनी केवळ प्रौढांचे तारे किंवा एअरबॅगची संख्या पाहून समाधान मानू नये. ही चाचणी ऐच्छिक असल्याने आपल्या पसंतीच्या गाडीची ती झाली आहे का आणि कोणत्या वर्षी, हे विचारून घ्यावे.

इतकी सविस्तर फेरी हवी असल्यास आठवड्यातील कामाच्या दिवसाची वेळ आधीच मागून घ्यावी. शनिवार-रविवारच्या गर्दीत ती मिळणे अवघड असते. चालवणाऱ्याने परवाना सोबत ठेवावा. शोरूम तयार नसेल, तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घेऊन गावी जाऊन यावे. लाखोंच्या खरेदीपुढे हा खर्च किरकोळ आहे. वर्षातून तीन-चार वेळाच सहाजण एकत्र प्रवास करणार असतील, तर पाचआसनी गाडी ठेवून त्या प्रवासांपुरते मोठे वाहन भाड्याने घेणे अधिक किफायतशीर ठरू शकते. असा निष्कर्ष निघाला, तरी ती चाचणी फेरी वाया गेली असे म्हणता येणार नाही.