खड्डा कुणाचा, कचरा कुणाचा

उमेदवार दारात आला की आमच्याकडे पहिली तक्रार खड्ड्यांची होते. उमेदवार मान डोलावतो, वहीत टिपून घेतो आणि शक्य तितक्या नम्रपणे सांगतो, की खड्डे बुजवणं डिस्ट्रिक्ट कौन्सिलचं काम नाही. मग शाळेतल्या प्रवेशाचा विषय निघतो. तेही त्याच्याकडे नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही? ते तर कुठल्याच कौन्सिलकडे नाही. "मग तुम्ही करता तरी काय?" असं शेजारच्या आजोबांनी एका उमेदवाराला तोंडावर विचारलं होतं. मी कुंपणाच्या अलीकडे गुलाबाची छाटणी करत होते. प्रश्न इतका रास्त होता, की हातातली कात्री थांबवून मी उत्तर ऐकलं.

मी मूळची पुण्याची, कोथरूडची. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक कौंटीत स्टोमार्केट नावाचं गाव आहे; त्याच्या जवळच्या एका खेड्यात राहते आणि औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. आमच्या डिस्ट्रिक्टचं नाव मिड सफक. लोकसंख्या जेमतेम एक लाख. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट, आय अशी दोन-चार बाजारगावं सोडली, तर बाकी सगळी खेडी आणि गहू, बार्ली, बीटची शेतं. ४ मे २०२३ रोजी इथे झालेली निवडणूक देशभर गाजली. ती का गाजली हे कळायला आधी आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

१९७४ पासून इंग्लंडच्या बऱ्याच ग्रामीण भागात दोन थरांचा कारभार आहे. वर कौंटी कौन्सिल, तिच्याखाली पाच-सात डिस्ट्रिक्ट कौन्सिलं, आणि अगदी तळाशी गावाची पॅरिश कौन्सिल. रस्ते, शाळा, ग्रंथालयं, वृद्धांची आणि निराधार मुलांची देखभाल कौंटीकडे. घरबांधणीच्या परवानग्या, कौन्सिलची भाड्याची घरं, पोहण्याचे तलाव, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची तपासणी, मतदारयादी आणि घरोघरचा कचरा डिस्ट्रिक्टकडे. त्यातही मेख अशी, की कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने आणि त्याची विल्हेवाट लावायची कौंटीने. माझ्या दारातला डबा डिस्ट्रिक्टची गाडी रिकामा करते. तो कचरा ग्रेट ब्लेकनमच्या भट्टीत जळतो, त्यातून वीज होते, आणि ही व्यवस्था मात्र कौंटीच्या कंत्राटातली. भट्टी उभी आहे मिड सफकच्याच हद्दीत.

कराचंही तसंच. कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, म्हणून शिव्याही तीच खाते. बिलातला सिंहाचा वाटा कौंटीला जातो, काही पोलिसांना, थोडा पॅरिशला. डिस्ट्रिक्टच्या पदरात त्यातला दहावा हिस्साही पडत नाही. पैसे वाचावेत म्हणून मिड सफक आणि शेजारची बेबर ही दोन डिस्ट्रिक्ट एकच कर्मचारीवर्ग वापरतात. दोघांचं मुख्य कार्यालय इप्सविच शहरात, म्हणजे दोघांच्याही हद्दीबाहेर आहे.

एवढं ऐकल्यावर वाटेल, की इतक्या किरकोळ अधिकारांसाठी कोण कशाला निवडणूक लढवेल? पैशांसाठी तर नाहीच. कौन्सिलरला पगार नसतो, वर्षाला काही हजार पौंड भत्ता मिळतो. बहुतेक जण नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर हे काम करतात. उभं राहणं मात्र सोपं आहे. अनामत रक्कम भरावी लागत नाही आणि वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या अर्जाला पुरतात. प्रचाराच्या खर्चाला कायद्याची मर्यादा इतकी कमी, की आमच्यासारख्या छोट्या वॉर्डात ती हजार पौंडांच्या आसपासच येते. एवढ्या पैशांत पत्रकं छापून होतात. ती वाटायची स्वतः, पायी, कुत्र्यांची नजर चुकवत. भोंगे, फ्लेक्स, मिरवणुका यातलं काही नसतं. कुणी फार उत्साही असेल तर आपल्या बागेत पक्षाची पाटी रोवतो.

मतदार म्हणून माझं काय, असं पुण्यातले नातेवाईक नेहमी विचारतात. माझा पासपोर्ट भारतीय आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना इथे मत देता येतं, स्थानिक निवडणुकीत आणि संसदेच्याही. त्यामुळे २०२३ च्या वसंतात आमच्या घरी एक विचित्र योग जुळून आला. मी परदेशात बसून माझा स्थानिक प्रतिनिधी निवडत होते आणि कोथरूडमध्ये जन्म काढलेल्या आईला नगरसेवकच नव्हता. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, निवडणूक लांबली होती, कारभार प्रशासकाकडे होता. "तुमच्याकडे कचऱ्याचं कुणाला सांगायचं ते तरी माहीत आहे," असं आई फोनवर म्हणाली, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता निवडणुकीच्या मूळ मुद्द्याकडे येते. डिस्ट्रिक्टच्या हातातली खरी ताकद एकच आहे, आणि ती म्हणजे कुठे घरं बांधायची आणि कुठे नाही हे ठरवणं. थर्स्टन, एल्म्सवेल, वुलपिट या गावांच्या कडेने गेल्या काही वर्षांत नव्या वसाहती उठल्या. कुणी म्हणेल, घरं हवीतच की. हवीतच, माझ्या दुकानातल्या तरुण मुलींना भाड्याचं घर परवडत नाही, हे मी रोज ऐकते. पण परवानगी देते डिस्ट्रिक्ट, त्या घरांतल्या मुलांना शाळा पुरवायची कौंटीने, दवाखाना बघायचा आरोग्यसेवेने. तिघांचे हिशेब वेगळे. घरं आधी येतात, बाकीचं मागाहून येतं किंवा येतच नाही.

शिवाय डिस्ट्रिक्टला 'नाही' म्हणायचं स्वातंत्र्यही पुरतं नसतं. पुढच्या पाच वर्षांच्या घरांना पुरेल इतकी जमीन डिस्ट्रिक्टने दाखवायची, असा केंद्राचा दंडक आहे. ती दाखवता आली नाही, की बिल्डरची बाजू भक्कम होते. कौन्सिलने अर्ज फेटाळला तर तो अपिलात जातो, आणि तिथे सरकारी निरीक्षक निर्णय देतो. मिड सफक काही काळ या कचाट्यात सापडलं होतं. लोकांना मात्र एवढंच दिसत होतं, की आपण सभेत जाऊन विरोध करतो आणि तरी शेतात पाया खणला जातो. राग साचत गेला तो इथे.

हा राग ज्यांनी ओळखला ते ग्रीन पक्षाचे लोक. २०१९ मध्ये ३४ जागांपैकी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६, ग्रीनला १२ मिळाल्या होत्या. त्यानंतरच्या चार वर्षांत ग्रीनची पत्रकं आमच्या दारात निवडणूक नसतानाही पडत राहिली. त्यात हवामानबदलावर व्याख्यान क्वचितच असायचं. अमुक वळणावर गाड्या वेगाने येतात, तमुक अर्जावर हरकत घेण्याची शेवटची तारीख ही, असला मजकूर. खड्ड्याची तक्रार ऐकल्यावर "ते आमचं नाही" एवढ्यावर न थांबता, कौंटीत कुणाला कसं कळवायचं ते सांगून जाणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. शेजारच्या आजोबांनी आयुष्यभर कॉन्झर्व्हेटिव्हांना मत दिलं होतं. त्या वर्षी ते म्हणाले, "पक्ष लंडनमध्ये. इथे कोण येतं ते बघायचं."

प्रत्येक वेळी गणित इतकं सरळ नसतं. नॉर्विचपासून टिलबरीपर्यंत सुमारे १८० किलोमीटर उच्चदाबाची वीजवाहिनी टाकायची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली होती, आणि तिचे मनोरे आमच्या शेतांतून जाणार होते. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज देशाला पुरवायची, म्हणजे काम ग्रीन पक्षाला आवडणारं. पण मनोरे ज्यांच्या खिडकीसमोर येणार त्यांना ते नको होते. निर्णय लंडनचा, डिस्ट्रिक्ट फार तर हरकत नोंदवणार. तरी दारोदार हा प्रश्न निघालाच, आणि उमेदवारांना जपून शब्द वापरावे लागले.

मतदानाच्या दिवशी मी एका गावाच्या सभागृहात पोल क्लार्क होते. गाव सांगत नाही आणि मतदार कोण तेही नाही. गुप्ततेचं तसं बंधनच असतं. गुरुवार, सुट्टी नाही, मतदान सकाळी ७ ते रात्री १०. दाराबाहेर कोटाला पक्षाच्या रंगाची फीत लावलेले दोन कार्यकर्ते शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसलेले, एकाच थर्मासमधला चहा पीत. आत येणाऱ्याने नाव-पत्ता सांगायचा, मी यादीत रेघ मारायची, मतपत्रिका हातात द्यायची. मतपत्रिकेच्या मागे क्रमांक छापलेला असतो, आणि तो कुणाला दिला हे आम्ही वेगळ्या तक्त्यात लिहितो. भारतीय माणूस हे ऐकून दचकतो. पण मतदानानंतर हा तक्ता सीलबंद होतो, वर्षभर जपला जातो आणि कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडत नाही. मतदार आडोशाला जातो, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारतो, घडी घालून पेटीत टाकतो. बोटाला शाई नाही, यंत्र नाही.

त्या वर्षी एक गोष्ट नवी होती. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच फोटो असलेलं ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं होतं. त्याआधी नाव-पत्ता सांगितला की झालं. तीस वर्षं त्याच सभागृहात मत देणाऱ्या माणसाला, ज्याला आम्ही सगळे ओळखतो, "ओळखपत्र?" असं विचारताना जीभ अडखळते. ज्येष्ठांचा बसपास चालायचा, तरुणांचं रेल्वेकार्ड चालायचं नाही. यावर वाद होणं साहजिक होतं. माझा भारतीय पासपोर्ट मात्र बिनदिक्कत चालत होता. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना परत पाठवून त्याची नोंद करायची. बरेच जण घरी जाऊन पाकीट घेऊन आले. सगळे आले नाहीत. देशभरात किमान १४ हजार लोक या कारणाने मतदान न करताच परतले, असं निवडणूक आयोगाने नंतर सांगितलं. आकडा टक्क्यात छोटा दिसतो. पण इथल्या वॉर्डात दहा-वीस मतांनीही माणूस पडतो, हे लक्षात ठेवून तो वाचावा. २०१७ मध्ये नॉर्दम्बरलंडच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोघांना अगदी सारखी मतं पडली आणि निकाल काड्या ओढून लावावा लागला. हरलेल्या उमेदवाराच्या पक्षाचं बहुमत त्या एका काडीने हुकलं.

आमच्याकडे काड्यांची वेळ आली नाही. मोजणी शुक्रवारी, हाताने झाली. फुलीऐवजी कुणी बरोबरची खूण केली असेल, तरी इरादा स्पष्ट असला की मत ग्राह्य. निकाल लागला तो असा: ग्रीन २४, कॉन्झर्व्हेटिव्ह ६, लिबरल डेमोक्रॅट ४. ब्रिटनमध्ये ग्रीन पक्षाला एखाद्या कौन्सिलवर स्वतःच्या बळावर बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. अँडी मेलन कौन्सिलचे नेते झाले. पुढच्याच वर्षी, आमच्या डिस्ट्रिक्टचा उत्तर भाग ज्यात येतो त्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून एड्रियन रॅम्झी ग्रीनचे खासदार म्हणून निवडून गेले. खासदारकीची वाट कचऱ्याच्या गाडीमागून जाते, हे इथल्या पक्षांना पुन्हा एकदा कळलं.

एवढं सगळं झाल्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिलच मोडीत निघायची वेळ आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून दोन थरांचा कारभार संपवायचं ठरवलं. कौंटी आणि डिस्ट्रिक्ट दोन्ही विसर्जित करून साधारण पाच लाख लोकांमागे एक कौन्सिल, सगळी कामं तिच्याकडे, असा बेत. त्यासाठी सफकमधली मे २०२५ ची कौंटीची निवडणूकही पुढे ढकलली गेली. बाजू पटण्यासारखी आहे. घराला परवानगी देणारा आणि शाळा बांधणारा एकच असेल, तर जबाबदारी दुसऱ्यावर ढकलायला जागा उरत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आज मिड सफकमध्ये साधारण तीन हजार माणसांमागे एक कौन्सिलर आहे. पुण्यात २०१७ साली १६२ नगरसेवक होते. २०११ च्या जनगणनेने मोजलं तर एकामागे एकोणीस हजार माणसं. सगळे अधिकार एका छताखाली असूनही नगरसेवक भेटणं किती सोपं असतं, हे पुणेकरांना मी सांगायला नको. मोठ्या कौन्सिलला अधिकार जास्त मिळतील, पण कौन्सिलर कमी होतील आणि त्यांच्या वाट्याला गावं जास्त येतील. मग पायी फिरून निवडून येणारा उमेदवार मागे पडेल आणि पक्षाच्या नावावर निवडून येणारा पुढे जाईल. २०२३ ला इथे जे घडलं ते वॉर्ड लहान होते म्हणून घडलं. तेवढी एक गोष्ट नव्या रचनेत राखता आली, तर बाकीची उलथापालथ मला मान्य आहे.