तळ्यावर कविता लिहायची तर

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याचांदीच्या पेढ्या आहेत. सराफकट्टा कुठलाही असो, तिथली धूळ वाया जात नाही. झारेकरी ती झाडून नेतो, पाण्यात धुतो आणि तळाशी उरलेले सोन्याचे कण वेचतो. निसर्ग संकटात असताना त्यावर कविता कशी लिहावी, असे कुणी विचारले की मला हे काम आठवते. आधी झाडून गोळा करायचे, धुवायचे मागाहून.

सुरुवात जागा निवडण्यापासून. ‘पृथ्वी’ फार मोठी पडते. तिच्या काठावर आपल्याला बसता येत नाही. सदर बाजारातून पायी जाता येईल असे एखादे तळे घ्या. रायपूर तळ्यांचे गाव. कंकाली तालाब आहे, बुढा तालाब आहे. रजबंधा तालाब मात्र बुजवला गेला. त्या जागेला आज रजबंधा मैदान म्हणतात. बंधा म्हणजे पाणी अडवणारी पाळ. पाणी गेले, पाळ गेली, नाव तेवढे मैदानाला चिकटून राहिले. निम्मी कविता इथेच सापडली.

मग शब्द गोळा करा. छत्तीसगढीत तळ्याला ‘तरिया’ म्हणतात आणि त्याच्या काठाला ‘पार’. आपण मराठी घरात वाढलो असलो तरी हे शब्द कवितेत येऊ द्यावेत. काठावरच्या झाडाचे नाव माहीत नसेल तर तिथे बसणाऱ्याला विचारा. ‘एक वृक्ष’ असे लिहिले की ते झाड तोडले गेल्याचे कुणाला कळतही नाही.

एका फेरीत भागत नाही. त्याच जागी उन्हाळ्यात जा, पावसाळ्यात जा, आणि तारीख घालून नोंद करा. घरीही नोंद होते. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. स्पंज आयर्न म्हणजे खनिज कोळशाबरोबर तापवून काढलेले सच्छिद्र लोखंड. गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवा. काळे झाले तर वहीत लिहा, कोणत्या दिवशी, किती काळे. बोट पुसायच्या आधी लिहा.

बहुतेक कविता यानंतर घसरतात. वही मिटून आपण ‘धरणीमाय रडते आहे’ असे लिहून मोकळे होतो. याला चेतनगुणोक्ती म्हणतात, म्हणजे निर्जीवाला माणसासारखे वागवणे. हा अलंकार वाईट नाही, पण वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. आणि धरणी आपली आपणच रडू लागली की वाचणाऱ्याला रडायचे कारण उरत नाही. त्यापेक्षा प्रतिमा वापरा, म्हणजे शब्दांनी डोळ्यांपुढे उभे केलेले चित्र. मराठी घरातले हिंदी कवी मुक्तिबोध 1958पासून राजनांदगावात शिकवत होते. त्यांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता निसर्गकविता नव्हे, पण तिच्यातली पडीक बावडी पाहा: पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, भोवती गुंतलेल्या फांद्या, मुके उभे उंबर. भीती आपोआप येते.

पुढची अडचण जास्त नाजूक आहे. कवितेत गुन्हेगार नेहमी ‘ते’ असतात. ऑक्टोबर 2021मध्ये हसदेव अरण्यातले आदिवासी कोळशाच्या खाणींविरुद्ध सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले. ज्या शहरात ते आले तिथले दिवे बहुतांशी कोळशाच्याच विजेवर लागतात. पेढ्यांमधले दागिने त्याच उजेडात झळकतात, आणि ही कविताही आपण त्याच उजेडात लिहितो. तो दिवा कवितेत आलाच पाहिजे. तो नसेल तर ती कविता मला अर्धी वाटते.

आता धुवायला घ्या. विशेषणे काढा, शेवटचा उपदेश काढा. आकडेवारी अहवालात शोभते आणि तिथे ती हवीच; कवितेने तिचे काम अंगावर घेऊ नये. कवितेने तळे भरत नाही, हेही मनात पक्के असू द्या. ‘रानातल्या कविता’ लिहिणारे ना. धों. महानोर शेती करत होते आणि विधान परिषदेत शेती-पाण्याचे प्रश्न मांडत होते. एक काम केले म्हणून दुसरे त्यांनी सोडले नाही.

लिहून झाले की कविता पारावर नेऊन मोठ्याने वाचा. ऐकणारा मराठी नसेल तर अर्थ सांगा. ‘पाणी या नाही, त्या पायरीपर्यंत असायचे,’ असे तो म्हणाला तर ओळ बदला. त्याची आठवण आपल्या यमकापेक्षा मोलाची आहे.

वहीच्या पहिल्या पानावर तळ्याचे नाव आणि तारीख घाला, आणि मृगाचा पाऊस पडायच्या आधी एकदा जाऊन या. पाणी किती खाली गेले होते, ते पाऊस पडल्यावर मोजता येत नाही.