नेम पाखरावर नाही, वाटेवर

सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर वळसंग सोडलं की दोन्ही बाजूंना काळं रान लागतं. जानेवारीत मालदांडी ज्वारी डोक्याइतकी झालेली असते आणि दाणा चिकात आलेला असतो. भोरड्यांचे थवे येतात ते नेमके याच दिवसांत. मध्य आशियाकडून आलेली गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं शेकड्यांनी उतरतात आणि उठेपर्यंत कणसांचे शेंडे रिकामे करून टाकतात.

सकाळी साडेसहाला मी रानातल्या राखणीच्या माळ्यावर चढलो तेव्हा आजोबा आधीच उभे होते. पायाशी पाटीभर गोफणगुंडे होते. दगड का नाही, असं विचारल्यावर त्यांनी एक गुंडा माझ्या हातात दिला. कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, काळ्या मातीचा. सावलीत वाळवलेला, कारण उन्हात वाळवला तर तडकतो. "दगूड रानात राहतो, उद्या विळ्याला लागतो. ह्यो पडला की फुटतो," ते म्हणाले.

गोफण म्हणजे विणलेली खोबण आणि दोन दोऱ्या. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं. डोक्यावर दोन-तीन फेरे आणि चिमूट सोडली की गुंडा सुटतो. सगळा नेम त्या चिमटीत असतो. शेवटचा फेरा अर्ध्या सेकंदाचा धरला, तर सोडण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे सात अंशांचा फरक. चाळीस मीटरवर गुंडा पाच मीटर बाजूला पडतो. उजव्या हाताची चिमूट लवकर सुटली तर उजवीकडं, उशिरा सुटली तर डावीकडं. माझे पहिले वीस गुंडे असेच दोन्हीकडं विखुरले. आजोबा प्रत्येक वेळी फक्त "लौकर" किंवा "उशीर" एवढंच म्हणत होते.

बारा बोअरच्या बंदुकीशी ताडून पाहिलं की गोफणीची अडचण कळते. एका काडतुसातून शेकडो छर्रे सुटतात, ते पसरत जातात आणि पस्तीस-चाळीस मीटर अंतर सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागात कापतात. तेवढ्यातही उडणारा पारवा दीड-दोन मीटर पुढं सरकलेला असतो. म्हणून मुरलेला बंदूकवालासुद्धा पाखराच्या पुढं नेम धरतो, तरी पुष्कळ बार वाया जातात. गोफणीत गुंडा एकच असतो आणि चाळीस मीटर जायला त्याला दोनेक सेकंद लागतात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाचं पाखरू तेवढ्यात सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढं गेलेलं असतं. उडत्या पाखराला गुंडा लागला तर तो योगायोग समजावा.

आजोबांनी मला हेच समजावलं: "नेम पाखरावर न्हाई धरायचा, त्याच्या वाटंवर धरायचा." पूर्वेकडून थवा आला. तो रानावर झुकायच्या आत त्यांचा गुंडा थव्याच्या पुढं, बांधापलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात पडून फुटला. सुटलेल्या दोरीचा फट् असा आवाज झाला आणि सगळा थवा एका अंगानं वळला. एकही पाखरू मेलं नाही, एकही ताट मोडलं नाही. त्या सकाळी माळ्यावर चुकलेला गुंडा म्हणजे थव्याच्या मागं पडलेला गुंडा. मागं पडला की पाखरं घाबरून पुढं, म्हणजे पिकातच घुसतात. मला हा हिशोब बंदुकीच्या हिशोबापेक्षा खरा वाटतो. इथं किती पाडली हे कुणी विचारत नाही, कणीस किती भरलं ते पाहतात. शिवाय भोरडी टोळ आणि नाकतोडेही खाते. तिला मारून शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार?

ही राखण तीन-चार आठवडे चालते, दाणा टणक होईपर्यंत. सकाळचे आणि संध्याकाळचे दोन-दोन तास जोखमीचे. एवढा वेळ माळ्यावर उभं राहणारं माणूस आता घरात उरलेलं नसतं. मग शेतावर चकाकणाऱ्या फिती लागतात, फटाके वाजतात. चार दिवसांत पाखरं त्यांना सरावतात. माणसाच्या हातातल्या गोफणीचा गुंडा दर वेळी वेगळ्या जागी फुटतो, त्याला ती सरावत नाहीत.

जानेवारीत या बाजूला आलात तर हुरड्याच्या वेळी येऊ नका, उजाडताना या. ऊन चढलं की थवे झाडांवर बसतात आणि गोफण खुंटीला लागते.