क्लार्क : एका आडनावाचे दोन उगम

इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिन्ही देशांत विपुल आढळणारे ‘क्लार्क’ हे आडनाव वरवर पाहता अगदी सरळ वाटते. लिहिण्यावाचण्याचे काम करणाऱ्याला जे नाव पडले तेच पुढे त्याच्या मुलानातवंडांना चिकटले, असा त्याचा उलगडा एका ओळीत करता येतो. इंग्लंडपुरता हा उलगडा खराही आहे. आयर्लंडमधील क्लार्कांच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो, कारण तेथील पुष्कळ क्लार्क घराणी मुळात गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतील, एका कितीतरी जुन्या आडनावाची वारसदार असून इंग्रजी अंमलाखाली त्या नावाचे इंग्रजीकरण झाले. त्यामुळे एखादा आयरिश माणूस ‘क्लार्क’ आहे एवढ्यावरून तो कोणाच्या वंशातला हे सांगता येत नाही, आणि आडनावावरून माणसाचे मूळ ओळखण्याची जी सवय सगळ्याच समाजांना असते ती किती फसवी असते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

इंग्रजी आडनावाचे मूळ चर्चच्या व्यवहारात आहे. ग्रीक भाषेतील ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा; त्यावरून ईश्वराच्या सेवेसाठी वेगळा काढलेला तो ‘क्लेरिकोस’, असा अर्थ ख्रिस्ती परंपरेत रूढ झाला आणि लॅटिनमधून तो इंग्रजीत ‘क्लर्क’ या रूपाने उतरला. या शब्दाचा मध्ययुगातील अर्थ आजच्या कारकुनापुरता नव्हता. चर्चची कोणतीही दीक्षा घेतलेला माणूस हा क्लर्क, आणि अशा दीक्षितांमध्ये दोन थर होते. वरच्या थरातील धर्मगुरूंना ब्रह्मचर्य बंधनकारक होते व ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने त्यांचे विवाह रद्दबातल ठरवले. खालच्या थरातील, म्हणजे लघुदीक्षा घेतलेले वाचक, द्वारपाल, दीपधारक इत्यादी लोक मात्र लग्न करू शकत होते. आडनाव पुढच्या पिढीकडे जायचे तर आधी औरस पिढी हवी, आणि इंग्लंडभर इतके क्लार्क दिसतात ते मुख्यतः या संसारी, अर्ध्या धार्मिक आणि अर्ध्या लौकिक वर्गामुळे. १०८६ च्या डूम्सडे या जमीनमहसुलाच्या नोंदवहीत नावापुढे ‘क्लेरिकुस’ असे विशेषण लावलेली माणसे आढळतात. पण ते त्या व्यक्तीचे वर्णन होते. ते कुटुंबाचे नाव बनण्याची प्रक्रिया पुढच्या दोन-तीन शतकांत, बाराव्या ते चौदाव्या शतकाच्या दरम्यान, हळूहळू पूर्ण झाली.

हा क्लर्क गावात नेमके काय करत असे, याचे चित्र चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात रंगवले आहे. त्यातील अब्सोलन हा गावच्या चर्चचा क्लर्क धूपपात्र फिरवतो, लोकांचे केस कापतो, दाढी करतो, शिरा तोडून रक्त काढण्याची वैद्यकी करतो आणि त्याच हाताने जमिनीचे खरेदीखत व कर्जफेडीची पावतीही लिहून देतो. न्हावी, वैद्य, दस्तलेखक आणि देवळाचा सेवेकरी ही सगळी कामे एकाच माणसाकडे येण्याचे कारण इतकेच की, पंचक्रोशीत अक्षरओळख असणारा बहुधा तोच एक असे. अक्षरओळखीला कायद्यानेही मोठे मोल दिले होते. दीक्षित माणसावर राजाच्या न्यायालयात खटला न चालता चर्चच्या सौम्य न्यायालयात चालावा, ही सवलत पुढे केवळ वाचता येणाऱ्या कोणालाही मिळू लागली. आरोपीसमोर बायबलमधील ठरावीक स्तोत्र धरले जाई आणि ते वाचता आले की फाशी टळे. तीच व्यक्ती दुसऱ्यांदा सवलत मागू नये म्हणून १४८९ पासून अंगठ्यावर डाग देण्याची पद्धत सुरू झाली, आणि १५९८ मध्ये द्वंद्वयुद्धात एका नटाला ठार मारणारा नाटककार बेन जॉन्सन असा डाग घेऊनच सुटला. ही तरतूद इंग्लंडमध्ये १८२७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होती.

उच्चाराचा प्रश्न येथेच निकालात काढणे बरे. ‘एर’ या अक्षरांचा उच्चार ‘आर’ करण्याची लकब उत्तर-मध्ययुगीन इंग्रजीत पसरली. डर्बी या गावाचे नाव इंग्रज ‘डार्बी’ असे उच्चारतात ते त्यामुळेच. आडनावाने हा बदल लेखनातही स्वीकारला, व्यवसायवाचक शब्दाने तो केवळ उच्चारात स्वीकारला आणि अमेरिकनांनी तर तेथेही नाकारला. आडनावाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लावायचे की नाही, यामागे मात्र कसलेही कुलरहस्य नाही. आयर्लंडमध्ये ते लावण्याकडे कल आहे, स्कॉटलंडमध्ये न लावण्याकडे, आणि जुन्या नोंदींत एकाच घरातील दोन भाऊ दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडले तरी त्यात नवल मानू नये. मराठी वाचकाला येथे कुलकर्णी, चिटणीस, फडणीस ही आडनावे आठवणे स्वाभाविक आहे, पण साम्य लेखणीपाशीच संपते. कुलकर्ण्याचे वतन हक्काने मुलाकडे जाई आणि नाव त्या वतनामागून येई. क्लार्कच्या मुलाला बापाचे पद मिळेलच असे नव्हते, त्याच्याकडे आले ते केवळ नाव.

आयर्लंडची हकीकत याहून जुनी आहे. तेथे आडनावे व्यवसायावरून क्वचित आणि पूर्वजाच्या नावावरून सर्रास पडली. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र. आजच्या गॉलवे परगण्याच्या दक्षिण भागात असलेल्या आयने या छोट्या राज्यात ‘क्लेराख’ नावाचा एक पूर्वज होऊन गेला, आणि त्याचे वंशज ‘ओ क्लेरी’ म्हणवू लागले. क्लेराख या शब्दाचे मूळही लॅटिन ‘क्लेरिकुस’ हेच आहे, पण येथे तो कोणाचा हुद्दा नसून व्यक्तिनाम आहे. आयरिश बखरींत आयनेचा राजा टियर्नाख ओ क्लेरी याच्या मृत्यूची नोंद ९१६ सालाखाली येते, आणि वंशपरंपरागत आडनावांच्या युरोपातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक मानली जाते. इंग्लंडमध्ये नॉर्मन येण्याच्या दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

पुढे हे घराणे सत्तेवरून हटले, विखुरले आणि त्याची एक शाखा वायव्येकडे डॉनेगलमध्ये ओ’डॉनेल राजांच्या आश्रयाला गेली. तेथे ते वंशपरंपरेने ‘ओलव’, म्हणजे राजघराण्याचे अधिकृत इतिहासकार, झाले आणि बॅलीशॅननजवळ समुद्रकाठच्या किलबॅरन येथे त्यांची गढी होती. नाव क्लेराखचे आणि काम लेखणीचे, हा योगायोग आहे. परंतु अशा योगायोगांनी व्युत्पत्तिकार नेहमी फसतात. या घराण्यातील मिहाल ओ क्लेरी (सुमारे १५९० ते १६४३) याचे कार्य आयर्लंडच्या इतिहासात अढळ आहे. ओ’डॉनेलांचा पाडाव झाल्यानंतर तो लूव्हेन येथील आयरिश फ्रान्सिस्कन मठात साधा बंधू म्हणून दाखल झाला, आणि जुनी हस्तलिखिते नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घेण्यासाठी १६२६ मध्ये मठाने त्याला मायदेशी धाडले. तो मठामठांतून आणि विद्वानांच्या घरांतून फिरत नकला करत राहिला. मग १६३२ ते १६३६ या काळात ड्रोवेस नदीकाठी आसरा घेतलेल्या डॉनेगलच्या मठवासीयांसोबत राहून, फेरल ओ’गॅरा या सरदाराच्या आर्थिक पाठबळावर, त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जलप्रलयापासून १६१६ पर्यंतची बखर सिद्ध केली. ‘चार आचार्यांची बखर’ या नावाने ती ओळखली जाते. या चौघांपैकी दुसरा पेरेग्रीन ओ क्लेरी याने मृत्युपत्रात आपली पुस्तके दोन मुलांच्या नावे केली. जमीन गमावलेल्या पंडिताकडे मागे ठेवण्याजोगे तेवढेच उरले होते.

ओ क्लेरीचे क्लार्क कसे झाले, हे समजण्यासाठी १४६५ चा एक कायदा पाहावा लागतो. डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील चार परगण्यांत राहणाऱ्या आयरिश माणसांनी गावाचे, रंगाचे, कसबाचे किंवा हुद्द्याचे इंग्रजी आडनाव घ्यावे, असे त्यात फर्मावले होते. तो काटेकोरपणे अमलात आला नसला, तरी दिशा स्पष्ट झाली. सतराव्या शतकातील आयरिशांच्या पराभवांनंतर न्यायालय, भाडेपट्टा आणि चर्चची नोंदवही यांची भाषा इंग्रजीच राहिली, आणि आयरिश नाव कानाला कसे वाटते किंवा त्याचा अर्थ काय लागतो यावर नोंद करणाऱ्याने जे लिहिले तेच पुढे टिकले. ज्यांचा ध्वनी जपला गेला ते क्लेरी राहिले. ज्यांच्या नावाचे भाषांतर झाले ते क्लार्क झाले, आणि भाषांतराचे हे प्रमाण उत्तरेकडील अल्स्टरमध्ये अधिक होते. त्याच अल्स्टरमध्ये इंग्लंड-स्कॉटलंडहून वसाहतीसाठी आणलेले अस्सल क्लार्कही शेजारी येऊन राहिले, आणि गुंता पक्का झाला.

डब्लिनचा चित्रकाच-कलावंत हॅरी क्लार्क (१८८९ ते १९३१) हे या गुंत्याचे उत्तम उदाहरण. आयरिश पुनरुज्जीवनाच्या काळातील सर्वांत आयरिश वाटणारी कला त्याचीच. कॉर्कच्या होनन चॅपेलमधील त्याच्या खिडक्यांतील गर्द निळा रंग आणि संतांचे मोठाले, व्याकूळ डोळे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आडनाव मात्र खास इंग्रजी, कारण वडील जोशुआ हे लीड्सहून डब्लिनला आलेले सजावटीचे कारागीर होते. स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने त्याच्याकडून जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाला भेट देण्यासाठी आयरिश साहित्यातील प्रसंगांची एक खिडकी करवून घेतली. पण लिअम ओ’फ्लॅहर्टीच्या कादंबरीवरील भागातील विरळ वस्त्रांतली नर्तकी पाहून सरकारचे धैर्य खचले आणि ती खिडकी जिनिव्हाला गेलीच नाही. क्लार्क क्षयाने स्वित्झर्लंडमध्ये वारला, विधवेने खिडकी परत विकत घेतली, आणि आज ती अमेरिकेत, मायामी परिसरातील एका संग्रहालयात आहे. नवजात राष्ट्राने आपल्या हाताने घालवलेली ही ठेव आहे, असेच म्हणावे लागते.

टॉम क्लार्कची कथा आणखी उलटी आहे. इंग्लंडमधील एका लष्करी ठाण्यावर, ब्रिटिश सैन्यातील सार्जंटच्या घरी जन्मलेला हा माणूस ब्रिटिश सत्तेचा हाडवैरी निघाला. स्फोटांच्या कटाबद्दल १८८३ मध्ये पकडला जाऊन त्याने पंधरा वर्षे तुरुंगात काढली. नंतर डब्लिनमध्ये तंबाखूचे छोटे दुकान थाटून तेथूनच गुप्त संघटनेची सूत्रे हलवली. १९१६ च्या ईस्टर उठावातील प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यावर पहिली सही त्याची आहे, आणि ३ मे रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची पत्नी कॅथलीन क्लार्क १९३९ मध्ये डब्लिनची पहिली महिला लॉर्ड मेयर झाली.

ईस्टर उठावाच्याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावात लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, मात्र ‘होमरूल’ ही मागणी टिळकांनी आयरिश राजकारणातूनच उचलली होती. टिळकांचा एका क्लार्कशी थेट सामना मात्र त्याआधीच झाला होता. १९०७ ते १९१३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क हे लिंकनशरमध्ये जन्मलेले इंग्रज लष्करी अभियंते. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तो त्यांच्या सरकारने, आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. १९१३ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले व ते लॉर्ड सिडनहॅम झाले, त्यामुळे त्याच वर्षी मुंबईत निघालेल्या वाणिज्य महाविद्यालयाच्या पाटीवर क्लार्क हे आडनाव कोठेच नाही. पुढे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्याच सुमारास खुद्द लॉर्ड सिडनहॅम लंडनमध्ये भारताला राजकीय सुधारणा देण्यास कडाडून विरोध करत होते.

उरलेल्या नामवंतांची यादी कितीही लांबवता येईल. अमेरिकेचा पश्चिम भाग १८०४ ते १८०६ मध्ये मोहिमेतील सहनायक लुइस याच्यासह पालथा घालणारा विल्यम क्लार्क उत्तम नकाशाकार होता. लेखकाचे आडनाव मिरवणाऱ्या या गृहस्थाचे शुद्धलेखन मात्र इतके स्वैर होते की, एकच शब्द तो अनेक तऱ्हांनी लिही. त्याच्यासोबत गेलेला यॉर्क हा त्याचा गुलाम होता. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ केनेथ व मेमी क्लार्क यांच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा आधार अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना घेतला. स्कॉटलंडचा मोटारशर्यतपटू जिम क्लार्क दोनदा विश्वविजेता झाला, तरी चर्नसाइडच्या त्याच्या समाधीवर ‘शेतकरी’ हा शब्द आधी कोरलेला आहे.

भारतीय वाचकाच्या अधिक ओळखीचा आर्थर सी. क्लार्क हा सॉमरसेटचा शेतकरीपुत्र. लंडनच्या शिक्षण मंडळात निवृत्तिवेतनाचे हिशेब तपासण्याची, आडनावाला साजेशी कारकुनी त्याने काही वर्षे केली. पृथ्वीभोवती सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह एकाच जागी स्थिर भासेल आणि संदेशवहनाला वापरता येईल, हा विचार त्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये मांडला; ती कक्षा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये भारताने उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग केला, तेव्हा भारतीय अभियंत्यांनी कोलंबोतील त्याच्या घरीही अँटेना उभारून दिला. क्रिकेटमधील दोन ऑस्ट्रेलियन क्लार्क तर मुंबईशीच बांधलेले आहेत : बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा करून एकदिवसीय सामन्यांतील पहिले द्विशतक नोंदवले, सचिन तेंडुलकरच्या द्विशतकाआधी बारा वर्षे, आणि मायकेल क्लार्कने २००४ मध्ये वानखेडेवर अवघ्या ९ धावांत ६ बळी घेतले, तरी सामना भारतानेच जिंकला.

आयर्लंडकडे परत वळायचे तर, तेथील कोणता क्लार्क ओ क्लेरींचा वंशज आणि कोणता इंग्रज कारागिराचा, हे धर्मावरूनही ठरत नाही, कारण धर्मांतरे आणि मिश्र विवाह दोन्ही बाजूंनी झाले. त्यात ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक मूळ कागदपत्रे त्यात गेली. शोध घ्यायचाच तर १९०१ आणि १९११ च्या जनगणनांपासून मागे जावे लागते; कुटुंबप्रमुखांनी स्वतः भरलेले त्यांचे तक्ते सुरक्षित असून आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत.