खिशातला लायटर : भरायचा की फेकायचा?

गॅसच्या शेगडीसाठी आपल्या प्रत्येकीच्या ओट्यावर लांब दांड्याचा लायटर असतो. पण त्याची नुसती ठिणगी पडते. तिनं निरांजन लागत नाही, की क्रूसासमोरची मेणबत्ती पेटत नाही. त्यासाठी ज्योतच हवी. मग पावसाळ्यात काडेपेटी सर्दावली आणि त्यातच वीज गेली, की आपण हाक मारतो, "अहो, तुमचा लायटर द्या बघू जरा!" यजमानांच्या खिशातून निघतो तो बहुधा पानवाल्याकडचा दहा-वीस रुपयांचा रंगीत प्लॅस्टिकचा. संपला की फेकला, नवा आणला. यजमानांनी धूम्रपानच सोडलं तर सोन्याहून पिवळं! पण लायटर घरात आहे तोवर त्याची माहिती गृहिणीला हवीच.

फेकलेला जातो कुठे?

आम्हां तारोडीकरांना हे कुणी सांगावं लागत नाही. मीरा-भाईंदरचा कचरा आमच्या शेजारच्या उत्तनला, धावगीच्या डोंगरावर येतो. तिथं आगी लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. वारा फिरला की धूर आसपासच्या गावांत शिरतो, आणि वाळत घातलेले कपडे घाईघाईनं आत घ्यावे लागतात. त्या आगी लायटरमुळेच लागतात असं नाही हं! कुजत्या कचऱ्यातून निघणारा मिथेन वायू त्याला पुरेसा असतो. पण अशा ढिगावर आपण होऊन गॅसच्या कुप्या कशाला पाठवायच्या?

आणि 'संपलेला' लायटर खरोखर संपलेला असतोच असं नाही. पुष्कळदा ठिणगीचा दगड झिजलेला असतो किंवा चाक अडकलेलं असतं. आत गॅस तसाच शिल्लक! तो उन्हात तापला, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला, तर फुटू शकतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या दप्तरात मध्यंतरी असे चार रंगीत लायटर निघाले. "बाई, रिकामे आहेत, रस्त्यावर सापडले," तो म्हणाला. उजेडात धरून पाहिले, तर दोघांत द्रव हलताना दिसत होता. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

लायटरच्या जाती

ठिणगी पाडणारा तो बारीक दगड म्हणजे लोखंड आणि सिरियमसारख्या धातूंचं मिश्रण. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. दुकानदार त्याला नुसता 'पत्थर' म्हणतात.

पुन्हा भरता येणारे लायटर दोन प्रकारचे. एक वातीचा, म्हणजे ज्याला आपण पेट्रोलचा लायटर म्हणतो तो. अमेरिकेतली १९३२ साली सुरू झालेली झिप्पो कंपनी याच जातीच्या लायटरसाठी प्रसिद्ध आहे. दुसरा गॅसचा, त्यात दाबाखाली द्रवरूप झालेला ब्यूटेन असतो आणि बुडाशी भरायची झडप असते. फेकायच्या लायटरमध्येही ब्यूटेनच असतो, पण तो कारखान्यात कायमचा बंद केलेला. फ्रान्सच्या बिक कंपनीनं असा लायटर १९७३ साली आणला, आणि 'वापरा नि फेका' ही सवय जगभर फोफावली.

गॅसचा लायटर भरताना

- हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा. देवघरात दिवा, शेगडीवर दूध असं काही जवळपास पेटतं नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो.
- ज्योत लहान-मोठी करायचा खटका सर्वांत कमीवर आणा.
- लायटर उलटा धरून बारीक पेचकसानं झडप दाबा. उरलेला गॅस आणि हवा निघून जाऊ द्या. हवा आत राहिली तर नवा गॅस नीट शिरत नाही.
- आता लायटर उलटाच ठेवून गॅसचा डबा वरून सरळ, उभा टेकवा आणि तीन-चार सेकंद दाबा. ठासून भरू नका. उष्णतेनं द्रव फुगतो, त्याला जागा हवी.
- हात धुवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मगच पेटवा.

घरच्या सिलिंडरमधून लायटर भरायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. त्यात ब्यूटेनबरोबर प्रोपेनही असतो आणि त्याचा दाब फार जास्त. छोट्याशा लायटरला तो पेलत नाही. तसंच फेकायच्या लायटरला भोक पाडून गॅस भरण्याचा खटाटोपही नको.

वातीच्या लायटरची निगा

आतला भाग बाहेर ओढून घ्या, खालची नमद्याची पट्टी उचला आणि लायटरसाठीच मिळणारं द्रव इंधन थेंब थेंब सोडा. कापूस भिजला की थांबा. बाहेर सांडलेलं पुसा, वाळू द्या. स्कूटरचं पेट्रोल वापरू नये. त्याचा वास आणि धूर दोन्ही वाईट. रॉकेल तर पटकन पेटतच नाही. वातीचं टोक काळं पडलं की चिमट्यानं थोडं वर ओढून कात्रीनं कापा. हा लायटर न वापरताही आठवड्या-दोन आठवड्यांत उडून कोरडा पडतो, म्हणून क्वचित लागणारा लायटर गॅसचाच बरा.

आमच्यासारख्या समुद्राकाठच्यांनी दगडावर लक्ष ठेवावं. दमट हवेत तो गंजून फुगतो, भुगा होतो आणि नळीत घट्ट बसतो. बरेच दिवस लायटर वापरायचा नसेल तर दगड काढून कोरड्या डबीत ठेवा. चाकातली घाण जुन्या दात घासायच्या ब्रशनं निघते.

हिशेब

समजा, पंधरा रुपयांचा एक लायटर महिनाभर पुरतो. वर्षाचे झाले १८० रुपये आणि बारा प्लॅस्टिकची नळकांडी. भरता येणाऱ्याला सुरुवातीला पैसे जास्त पडतात, पण पुढं खर्च फक्त गॅस आणि दगडाचा. मात्र घेताना उलटून बघा. काही स्वस्त लायटरला बुडाशी झडप असते, पण दगड बदलायची सोय नसते. दगड संपला की तोही कचऱ्यातच! दोन्ही बदलता येत असेल तरच घ्या.

आणि देवापुढं दिवसातून दोनदाच ज्योत लागत असेल, तर आपली काडेपेटी काय वाईट? तब्बल चौदा वर्षं एक रुपयात मिळून ती डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली, तरी परवडतेच. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की सर्दावत नाही. तमिळनाडूत शिवकाशी-कोविलपट्टीकडं या धंद्यावर हजारो घरं चालतात, आणि त्यात राबणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. स्वस्त लायटरांनी त्यांचा रोजगार बुडू लागला, म्हणून ओरड झाली. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारनं वीस रुपयांपेक्षा स्वस्त सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली.

शेवटी एक विनंती. घरात फेकायचा लायटर असलाच, तर तो मुलांच्या हाती लागू देऊ नका, गाडीत उन्हात ठेवू नका. टाकण्यापूर्वी उघड्यावर, कुठलीही ज्योत जवळ नसताना, चाक न फिरवता नुसता खटका दाबून धरा. फुसफुस थांबेपर्यंत गॅस जाऊ द्या. मग कागदात वेगळा गुंडाळा आणि कचरा नेणाऱ्या मावशींना सांगून द्या. त्यांचे हात त्या ढिगात जातात, मैत्रिणींनो. एवढी काळजी आपण घेऊ शकतो.