अरण्यातील एकांत आणि संघजीवन

सम्यक स्मृतीच्या अभ्यासासाठी गावापासून दूर, डोंगराच्या कुशीत निवासी शिबिरे भरविण्याची प्रथा आता आपल्या समाजात रुजली आहे. भाजे लेण्यांच्या परिसरातील ‘सद्धम्म प्रदीप’ हे केंद्र त्याचे एक उदाहरण होय. परंतु समाजाचे प्रश्न उग्र असताना रानात जाऊन डोळे मिटून बसणे हा पलायनवाद नव्हे काय, अशी शंका अनेक उपासक व्यक्त करतात. ही शंका रास्त आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खूविषयी असाच प्रश्न उपस्थित केला आहे. भिक्खू हा केवळ स्वतःच्या परिपूर्णतेत मग्न असलेला मनुष्य की समाजाचा सेवक? आपल्या शिबिरांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

सतिपट्ठान सुत्तात अरण्य, वृक्षमूल आणि शून्यागार ही साधनेची स्थाने सांगितली आहेत. मात्र स्थान म्हणजे साधना नव्हे, हे मेघिय सुत्तावरून स्पष्ट होते. भगवंतांचा त्या वेळचा सेवक मेघिय याला किमिकाळा नदीच्या काठी एक रम्य आम्रवन दिसले. ‘दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब,’ असे भगवंतांनी सुचवूनही त्याने तीनदा आग्रह धरला व तो एकटाच तेथे गेला. त्या रमणीय वनात त्याच्या मनाला काम, द्वेष आणि हिंसा यांच्या वितर्कांनी घेरले. परत आल्यावर भगवंतांनी त्याला चित्त परिपक्व करणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या. त्यांत पहिली होती कल्याणमित्राची संगत. नंतर शील, धम्मचर्चा, वीर्य आणि प्रज्ञा. निसर्ग मनाला निवांतपणा देतो. पण मनात साचलेले विकार आपण तेथेही बरोबर नेतो.

याउलट गोसिंग शालवनातील अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल यांचे सहजीवन पाहावे. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते एकोप्याने राहत. भिक्षेहून प्रथम परतणारा आसने मांडी व पाणी ठेवी. शेवटी येणारा जागा स्वच्छ करी. ज्याला रिकामा घडा दिसे तो भरून ठेवी. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. दर पाचव्या दिवशी ते रात्रभर धम्मचर्चा करीत. येथे मौन आहे, परंतु दुरावा नाही. घडा भरणे हीसुद्धा स्मृतीचीच साधना आहे.

आत्मरक्षण आणि पररक्षण हे दोन वेगळे मार्ग नाहीत, हे भगवंतांनी सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणाऱ्या गुरु-शिष्याच्या दृष्टान्ताने समजाविले आहे. साधनेने स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो; क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी इतरांना सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो.

आपल्या चळवळीला या शिकवणीची निकड आहे. अखंड राबणारा कार्यकर्ता थकतो. अन्यायाविरुद्धचा त्याचा न्याय्य संताप अनेकदा सहकाऱ्यांवरच उलटतो आणि संघटना फुटतात. अशा वेळी काही दिवसांचा एकांत ही चैन ठरत नाही. मात्र शिबिरात आनापानस्मृती व मैत्रीभावना यांच्या जोडीला धम्मचर्चा असावी. स्वयंपाक, झाडलोट व पाणी भरणे ही कामे स्त्री-पुरुष, वक्ते-श्रोते असा भेद न ठेवता सर्वांनी वाटून घ्यावीत. घरकाम व मोलमजुरी यांमुळे ज्या भगिनींना सवड मिळत नाही, त्यांना येता यावे म्हणून त्यांच्या मुलांची व्यवस्था विहाराने करावी.

शिबिराचे फळ किती तास बसलो यावरून ठरत नाही. वस्तीत परतल्यावर मतभेद असलेल्या सहकाऱ्याशी आपण कसे बोलतो आणि विहारातील रिकामा घडा कोणी न सांगता भरतो की नाही, यावरूनच ते ओळखावे.