जुने सामान आणि पॉलिशचा प्रश्न

सोलापुरास १८६० साली आगगाडी पोहोचली, पुढे कापडगिरण्या निघाल्या आणि पेठेतील व्यापाऱ्यांचे वाडे सागवानी व शिसवी सामानाने सजले. मुनीमजींचे उतरत्या झाकणाचे बैठे मेज, पितळी कड्यांचा झोपाळा, कोरीव देव्हारा. वाडा दुरुस्तीस काढला की आज हेच प्रथम मोडीत जाते, आणि जागी येते ओल लागताच फुगणारे भुशाच्या फळ्यांचे कपाट!

सामान राखावयाचे ठरले, तरी जैन घरात पॉलिशचा प्रश्न उरतो. सुतारांचे ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा. चपडा म्हणजे लाख, बारीक कीटकांचा स्राव. ती डहाळीवरून खरवडताना असंख्य जीव मरतात. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरात देव्हाऱ्यास हे चालावे काय? मेणाचे पॉलिश घ्यावे, तर तेही मधमाशीच्याच पोळ्यातले.

उपाय मात्र पेठेतच आहे : जवसाचे तेल. खाण्याचे फार सावकाश वाळते, म्हणून रंगाच्या दुकानातील ‘डबल बॉइल्ड’ घ्यावे. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचे तेल पुसावे, दिवसभर वाळू द्यावे. असे तीन हात पुरतात. चपड्याची चकाकी येत नाही, पण लाकडाचे रेषे उठून दिसतात. तेलकट फडक्यांचा बोळा टाकून ठेवू नये, तो आपोआप पेट घेतो; फडकी पाण्यात बुडवावीत.

त्याआधी छपराची गळती थांबवावी आणि मेज ओल्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. वाळवी ओलीच्या आश्रयाने येते, आणि तिच्यावर औषध फवारण्याचा प्रसंग या घरांना नकोच असतो.